कोंबडीचं आंग बाहेर आलं तर काय करायचं

परसातल्या कोंबडीच्या शेपटीखाली लालबुंद, ओला गोळा लोंबताना दिसला, की नुकत्याच कोंबड्या पाळायला लागलेल्या माणसाचे हातपाय गळतात. कधी रक्त असतं, माश्या घोंघावत असतात आणि बाकीच्या कोंबड्या तिच्या मागे लागलेल्या असतात. गावाकडे याला आंग बाहेर येणं म्हणतात, लेअर फार्मवरची (अंड्यांसाठीच कोंबड्या पाळणारी) माणसं प्रोलॅप्स म्हणतात. वेळेवर लक्षात आलं आणि बाहेर आलेला भाग ताजा, न फाटलेला असला, तर घरच्या घरी सांभाळून कोंबडी वाचू शकते.

तुमची कोंबडी आत्ता या अवस्थेत असेल तर पुढचं नंतर वाचा. आधी तिला उचलून वेगळी करा, बाहेर आलेल्या भागावर स्वच्छ ओलं सुती कापड ठेवा, आणि मग परत या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. बाहेर आलेलं आत सारणं हे निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, म्हणजे पुढचे काही दिवस तिचं अंडं घालणं थांबवणं. बरेच जण पहिलं काम मन लावून करतात, कोंबडी बरी दिसली की लगेच खुराड्यात सोडतात, आणि पुढच्या अंड्याबरोबर सगळं पुन्हा बाहेर येतं.

आत काय घडलेलं असतं

कोंबडीला विष्ठा, लघवी आणि अंडं या तिन्हींसाठी बाहेर पडायला एकच दार असतं. शिटेतला पांढरा भाग असतो तो लघवीचाच. तरीही अंडं स्वच्छ पडतं, कारण अंडं घालताना अंडनलिकेचं शेवटचं टोक अंड्याला घेऊन उलटं होत दाराबाहेर येतं, अंडं सोडतं आणि मागे जातं. ऐन अंडं घालताना कोंबडी पाहिलीत तर ते लाल अस्तर क्षणभर दिसतं. त्यामुळे खुराड्यातून नुकत्याच उठलेल्या कोंबडीच्या मागे थोडं लाल दिसलं आणि एक-दोन मिनिटांत नाहीसं झालं, तर ते नेहमीचंच आहे.

ते अस्तर मागे गेलंच नाही, की आंग बाहेर आलं. मग एक फेरा सुरू होतो. बाहेर राहिलेला भाग सुजतो, सुजल्यामुळे आत जात नाही, उघड्यावर सुकतो, सुकला की टोचतो, टोचलं की कोंबडी जोर करते, आणि जोर केला की आणखी बाहेर येतो. हा फेरा जितक्या लवकर तोडाल तितकं बरं.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले साधारण २० तास ते कवच चढवणाऱ्या भागात असतं. म्हणजे आज आंग बाहेर आलेल्या, रोज अंडं देणाऱ्या कोंबडीच्या पोटात उद्याचं अंडं बहुधा आधीच वाटेला लागलेलं असतं.

पहिलं काम: वेगळी करा

ओलं लाल मांस दिसलं की कोंबड्यांना चोच मारल्याशिवाय राहवत नाही. एकीने मारली की दुसरी येते, आणि थोड्या वेळात आतडी बाहेर ओढली जातात. आंग बाहेर आलेल्या कितीतरी कोंबड्या दुखण्यापेक्षा या चोचींनीच मरतात. म्हणून सोबतीला म्हणून तिची जोडीदारीणसुद्धा जवळ ठेवू नका.

मोठं पुठ्ठ्याचं खोकं, भाजीचा प्लास्टिकचा क्रेट किंवा झाकलेलं डालगं, काहीही चालेल. जागा शांत, सावलीची, मांजर-मुंगूस पोचणार नाही अशी हवी. खाली जुनं धुतलेलं सुती कापड किंवा वर्तमानपत्र घाला. भाताचं तूस, भुसा, वाळू, माती नको, कारण हे सगळं ओल्या भागाला चिकटतं आणि काढताना रक्त येतं. बसायला दांडी देऊ नका. चढण्या-उतरण्यात जोर लागतो.

वरून मच्छरदाणीचा तुकडा टाका. पावसाळ्यात ही गोष्ट अजिबात टाळू नका. ओल्या मांसावर माशी बसली की अंडी घालते आणि एखाद-दुसऱ्या दिवसात जखमेत अळ्या वळवळायला लागतात. मग आंग बाजूलाच राहतं आणि अळ्यांनीच कोंबडी हातची जाते.

दिवसाउजेडी नीट बघा

धुण्याआधी उजेडात एकदा शांतपणे पाहून घ्या आणि मोबाइलवर दोन फोटो काढा. डॉक्टरांना दाखवायला आणि संध्याकाळी सूज वाढली की उतरली हे ताडून पाहायला ते उपयोगी पडतात.

गुलाबी ते लाल, ओलसर, चमकदार, हात लावला तर मऊ असा भाग असेल तर तो जिवंत आहे. गडद लाल आणि टणक असेल तर सूज चढली आहे, पण अजून वेळ गेलेली नाही. जांभळट-काळा, कोरडा, खरखरीत, घाण वास मारणारा भाग म्हणजे रक्तपुरवठा तुटलेला. तो आत ढकलायचा नाही. काळं पडलेलं मांस आत गेलं की आत कुजतं.

आता पोट चाचपा. कोंबडीला कुशीत घेऊन, गुदद्वाराच्या खाली आणि दोन्ही बाजूंनी बोटांच्या पेरांनी अगदी हलका दाब द्या. आत कडक, गोल काही लागलं तर अंडं अडकलेलं आहे. कधी कधी अंडं बाहेर आलेल्या गोळ्यातच असतं. पातळ अस्तराखाली त्याचा पांढरा किंवा तपकिरी रंग दिसतो. अंडं असेल तर आत सारण्याची घाई करायची नाही. आधी अंडं बाहेर, मग आंग आत.

गुळगुळीत, नळीसारखी वेटोळी बाहेर दिसत असतील तर ती आतडी असण्याची शक्यता आहे. अशा वेळी घरगुती प्रयोग थांबवा, ओल्या कापडात झाकून थेट डॉक्टरांकडे न्या.

सामान

सगळं मेडिकलच्या दुकानात आणि घरात मिळतं. नॉर्मल सलाइनची ५०० मिलीची बाटली, हातमोज्यांच्या दोन-तीन जोड्या, पोव्हिडोन आयोडीनचं साधं द्रावण, कापसाऐवजी गॉजचे तुकडे (कापसाचे धागे चिकटून राहतात), आणि डॉक्टर वापरतात ती पाण्यात विरघळणारी ल्युब्रिकेटिंग जेली. जेली नाही मिळाली तर लिक्विड पॅराफिन, तेही नसेल तर स्वच्छ खोबरेल तेल. घरातून साखर, एक पसरट टब, दोन जुने टॉवेल आणि बोथट टोकाची कात्री. सलाइन मिळेपर्यंत थांबू नका. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घातलं तरी काम भागतं.

काय लावायचं नाही, हेही इथेच सांगते, कारण घरोघरी हात आधी त्याकडेच जातो. हळद, राख, चुना, रॉकेल, फिनेल, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीही या भागावर नको. हे बाहेरचं कातडं नाही, आतलं नाजूक अस्तर आहे. पूड टाकली की ते सुकतं, जहाल औषध लावलं की भाजतं. हळद जखमेवर चालते असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, पण पूड चिकटून बसलेलं अस्तर आत सारताना सोलवटतं.

धुणं आणि सूज उतरवणं

टबमध्ये कोमट पाणी घ्या. कोंबडीच्या अंगाचं तापमान साधारण ४१ अंश असतं, तेव्हा ३८ ते ४० अंशांचं पाणी तिला बरं वाटतं. आपल्या मनगटाला सुखद ऊब लागेल इतकं. पाणी पोटापर्यंत यावं, पाठ कोरडी राहावी. १० ते १५ मिनिटं तिला त्यात बसू द्या, डोक्यावर हलकं फडकं टाका. अंधार झाला की कोंबडी शांत होते. बऱ्याच कोंबड्या दोन मिनिटांत अंग सैल सोडतात, काही डोळे मिटतात. अडकलेलं अंडं असेल तर कधी कधी याच उबेने ते सुटतं.

पाण्यातून काढल्यावर गुदद्वाराभोवतीची घाणीने चिकटलेली पिसं कात्रीने कापा. उपटू नका. मग सलाइनची धार सोडत गोळा धुवा. घासायचं नाही, धारेनेच माती, विष्ठा निघू द्या. चिकटलेलं काही निघत नसेल तर ओला गॉज त्यावर दोन-तीन मिनिटं ठेवा आणि मग अलगद उचला. शेवटी अर्ध्या लिटर पाण्यात चहाचा एक चमचा पोव्हिडोन आयोडीन घालून त्या फिकट पाण्याने एकदा धुवून घ्या. साबण असलेलं सर्जिकल स्क्रब नको, साधं द्रावणच हवं.

सूज असेल तर आता साखर. म्हशीचं आंग बाहेर आलं की पशुवैद्य साखर लावतात हे गावाकडच्यांनी पाहिलेलं असेल, तोच उपाय इथेही चालतो. पिठीसाखर थोड्या पाण्यात घट्ट कालवा किंवा मध घ्या आणि तो लेप गोळ्यावर सगळीकडून लावून १० ते १५ मिनिटं ठेवा. साखर सुजलेल्या भागातलं पाणी बाहेर ओढते. लेपातून पाणी ठिबकायला लागतं, मग टणक गोळा मऊ पडतो आणि त्यावर सुरकुत्या दिसायला लागतात. नंतर साखरेचा कणही राहू नये इतकं सलाइनने धुवा. आपल्याकडे मुंग्या किती लवकर वास काढत येतात हे वेगळं सांगायला नको.

मूळव्याधीचं मलम लावा असा सल्ला काही जण देतात. त्यातल्या बऱ्याच मलमांत भूल देणारं औषध असतं आणि पक्ष्यांना त्याची मात्रा चटकन जास्त होते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वापरू नका.

आत सारणं

याला दोन माणसं हवीत. एकाने कोंबडीचे पंख अंगाशी धरून तिला टॉवेलमध्ये गुंडाळावं, डोकं आपल्या काखेकडे आणि शेपटी समोरच्याकडे. शेपटीकडची बाजू किंचित वर. उलटी टांगायची नाही आणि छाती आवळायची नाही. कोंबडीला आपल्यासारखं छाती-पोटामधलं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच तिला श्वास घेता येतो. घट्ट धरलेली कोंबडी हातात गुदमरून मरू शकते, आणि धरणाऱ्याला वाटतं ती शांत झाली.

दुसऱ्याने नखं कापून, हातमोजे घालून, गोळ्यावर आणि बोटांवर भरपूर जेली घ्यावी. गोळ्याच्या मधोमध जो खळगा दिसतो, तिथून सुरुवात करा. तिथूनच ते उलटं झालेलं असतं, तिथूनच सुलटं व्हायला हवं. एका बोटाच्या पेराने मधला भाग आत दाबा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कडा हळूहळू गोळा करत त्यामागे सारा. नखाचं टोक, बोटाचं टोक वापरू नका, पेराचा मऊ भाग वापरा.

इथे घाई उपयोगाची नाही. कोंबडी मध्येच जोर करेल, तेव्हा गुदद्वार आवळलं जातं आणि बोटाला विरोध जाणवतो. त्या वेळी ढकलू नका, नुसतं आहे तिथे धरून ठेवा. ती जोर सोडेल तेव्हा बोटाखालचं सगळं एकदम सैल पडल्यासारखं वाटतं. तेवढ्या क्षणात थोडं आत सारा, पुन्हा थांबा. जोर, थांबा, सैल, सारा, असं करत गेलं की शेवटचा भाग बऱ्याचदा आपोआप आत ओढला जातो. सगळं आत गेल्यावर ओला गॉज गुदद्वारावर ठेवून तळहाताने पाच मिनिटं हलका आधार द्या.

२० मिनिटं प्रयत्न करूनही जात नसेल तर थांबा. रक्त यायला लागलं तर लगेच थांबा. पुन्हा साखरेचा लेप, तास-दोन तास विश्रांती, मग आणखी एक प्रयत्न. तेवढ्यानेही नाही झालं तर घरचं काम संपलं.

पहिल्या दिवशी ते पुन्हा बाहेर येणं सर्रास घडतं, विशेषतः शिटताना. निराश होऊ नका. धुवा, जेली लावा, परत आत सारा. दिवसातून तीन-चार वेळा करावं लागलं तरी हरकत नाही, प्रत्येक वेळी बाहेर येणारा भाग कमी होत असेल तर तुम्ही योग्य वाटेवर आहात.

अंडं दिसत असेल तर जेली किंवा तेल अंड्याभोवती सोडा, उबेत ठेवा आणि तिला स्वतःला घालू द्या. बोटांनी दाबून अंडं फोडू नका, कवचाच्या कडांनी अंडनलिका चिरते. सुईने अंडं रिकामं करून काढणं हे डॉक्टरांचं काम आहे.

अंडं थांबवा

आता ते दुसरं निम्मं काम. कोंबडीला अंडं घालायला लावणारा सगळ्यात मोठा घटक उजेड आहे. लेअर फार्मवर दिवस-रात्र मिळून १६ तास उजेड देतात तो याचसाठी. आपण बरोबर उलटं करायचं. दिवसाला आठच तास उजेड, उरलेले १६ तास अंधार. सकाळी नऊला झाकण काढा, संध्याकाळी पाचला झाका, एवढं सोपं आहे. अंधार म्हणजे खराच अंधार हवा, बाजूच्या ट्यूबलाइटची तिरीप नको. हवा मात्र खेळती ठेवा. खोक्याला गोणपाट किंवा जाड गडद कापड झाका, प्लास्टिक नको. उन्हाळ्यात खोकं घराच्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा.

अंडं लगेच थांबत नाही. वाटेला लागलेलं येणारच, त्यामागचं एखादंही येऊ शकतं. थांबायला चार-पाच दिवस ते आठवडा-दीड आठवडा लागतो. तोवर रोज सकाळी पोट चाचपा, आणि अंडं आलं की लगेच मागचा भाग बघा. बाहेर आलेला असेल तर त्याच वेळी, ताजा असतानाच, आत सारा. हा अंधार दोन आठवडे पाळावा असं माझं मत आहे. पाचव्या दिवशी कोंबडी टुणटुणीत दिसते, डालग्यातून मान काढून ओरडते, जीव तुटतो. तरी सोडू नका.

खाणं-पाणी

अंडं वाढवणारा खुराक काही दिवस थांबवायचा म्हणजे उपाशी ठेवायचं नाही. लेअर मॅशऐवजी (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्याऐवजी) भिजवलेली बाजरी, ज्वारी किंवा मक्याचा भरडा, सोबत बारीक चिरलेली पालक, मेथी किंवा शेवग्याचा पाला द्या. खाणं मऊ आणि ओलसर असलं की विष्ठा मऊ राहते आणि जोर लागत नाही. पाणी सतत समोर हवं. पहिले दोन-तीन दिवस पशुवैद्यकीय दुकानातली इलेक्ट्रोलाइटची पूड पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात घालता येते.

कॅल्शियम मात्र थांबवू नका. अंडं पुढे ढकलणारे आणि अंडनलिका मागे ओढणारे स्नायू कॅल्शियमवरच चालतात, ते कमी पडलं की अंडं अडकतं आणि आंगही बाहेर येतं. कोंबड्यांसाठीचं पातळ कॅल्शियम मिळतं, त्याची मात्रा डॉक्टरांना विचारून द्या.

डॉक्टर आणि औषधं

भाग काळा पडला असेल, फाटला असेल, अळ्या दिसत असतील, अंडं अडकून दिवस उलटला असेल, कोंबडी मान टाकून बसली असेल किंवा दोन दिवस आत सारूनही पूर्ण बाहेर येत असेल, तर तालुक्याच्या किंवा गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक आहे. मुंबईत परळला, तसंच शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. एका कोंबडीसाठी दवाखान्यात काय जायचं, असा संकोच करू नका. जाताना फोटो, कोंबडीचं वय आणि जात, शेवटचं अंडं कधी दिलं, कवच कसं होतं, शीट होते का, एवढी माहिती तयार ठेवा.

डॉक्टर गुदद्वाराभोवती बटव्याची नाडी आवळावी तसा टाका घालू शकतात. विष्ठा बाहेर पडेल इतकी फट त्यात ठेवलेली असते आणि काही दिवसांनी तो काढतात. टाका असलेल्या कोंबडीवर लक्ष ठेवावंच लागतं. शीट अडकली किंवा अंडं वाटेला लागलं तर टाका लगेच सोडवावा लागतो.

प्रतिजैविक आणि वेदनाशामक स्वतःच्या मनाने देऊ नका. घरातली माणसांची गोळी ठेचून तर अजिबात नको. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी देशात २००६ पासून बंद आहे. ते औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं मेली, म्हणून. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत हे विचारून लिहून ठेवा, आणि तोवरची अंडी खड्ड्यात पुरा.

प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, टब आणि टॉवेल स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतूचा संसर्ग माणसाला होऊ शकतो, आणि लहान मुलांना तो जास्त त्रास देतो.

सगळं करूनही भाग काळा पडत गेला, आतडी बाहेर आली किंवा कोंबडीने खाणं-पिणं सोडलं, तर तिला तसंच कण्हत ठेवू नका. डॉक्टरांकडून किंवा जाणत्या हाताने झटपट सोडवणं हीसुद्धा देखभालच आहे. अशा कोंबडीचं मांस खाऊ नका. कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

कळपात परत कधी

मागचा भाग पूर्ण आत, सूज नाही, लाली नाही, पिसं कोरडी आणि सलग आठवडाभर काही बाहेर आलेलं नाही, अशी खात्री झाली की उजेड हळूहळू वाढवा, दर दोन-तीन दिवसांनी एखादा तास. आधी जाळीपलीकडून बाकीच्यांना दिसू द्या, मग संध्याकाळी, सगळ्या दांडीवर बसल्यावर आत सोडा. दिवसा सोडलं तर नव्या पाहुणीसारखी तिला मार बसतो. पुढच्या पहिल्या काही अंड्यांच्या वेळी मागे बघत चला. एकदा झालेलं पुन्हा होण्याची शक्यता असते, आणि वारंवार होणाऱ्या कोंबडीची अंडी उबवायला ठेवू नयेत असं मला वाटतं.

मुळात का झालं

हे शोधलं नाही तर पुढची कोंबडी रांगेत आहेच. कारणं बरीच असतात, पण परसात मला चारच पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिलं, तलंगेला (अजून अंडी न दिलेल्या तरुण कोंबडीला) लवकर अंड्यावर आणणं. गावठी तलंग सहाव्या-सातव्या महिन्यात अंड्यावर येते, सुधारित लेअर जाती पाचव्याच महिन्यात. शरीर आणि ओटीपोटाची हाडं पुरती वाढायच्या आत अंडं सुरू झालं की वाट अरुंद पडते. पुष्कळ घरांत मांजर-मुंगूस येऊ नये म्हणून खुराड्यात रात्रभर बल्ब लावतात. जनावर त्याने थांबतंच असं नाही, पण तलंगा मात्र वेळेआधी अंड्यावर येतात. महाराष्ट्रात दिवस हिवाळ्यात साधारण ११ तासांचा आणि जूनमध्ये १३ तासांहून थोडा मोठा असतो. घरच्या कोंबड्यांना तेवढा नैसर्गिक उजेड पुरे. बल्बचे पैसे चांगल्या जाळीत आणि कडीत घाला.

दुसरं, चरबी. उरलेला भात, शिळी भाकरी, शेवचिवडा हे सगळं कोंबड्यांना टाकायची आपली पद्धत. थोडं चालतं, पण तेच मुख्य खाणं झालं की पोटात चरबी साठते, अंडनलिकेला जागा उरत नाही आणि स्नायू ढिले पडतात. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य पुरतं, त्यातलं बरंचसं लेअर मॅश असावं. पोट चाचपताना गुदद्वाराखाली जाड, लिबलिबीत गादी हाताला लागली तर भात कमी करा आणि कोंबड्या मोकळ्या फिरू द्या.

तिसरं, कॅल्शियम. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ते ३.५ ते ४ टक्के लागतं, धान्यात ते नावालाच असतं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा, जिला लागेल ती खाते. कोकणात तिसऱ्यांची शिंपलं घरात पडतात, ती मीठ जाईपर्यंत धुवून, वाळवून, ठेचून द्या. अंड्याची टरफलं भाजून चुरा केली तरी चालतात. मात्र अजून अंड्यावर न आलेल्या पिल्लांना लेअर मॅश घालू नका, इतकं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पातळ कवचाची किंवा दोन बलकांची मोठाली अंडी वारंवार येऊ लागली तर आधीच सावध व्हा.

चौथं, फार्मवरून काढलेल्या लेअर कोंबड्या. दीडेक वर्षाच्या या कोंबड्या बाजारात स्वस्त मिळतात आणि नवशिक्याला वाटतं, आयत्या अंड्यावरच्या मिळाल्या. वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देऊन त्यांचे स्नायू थकलेले असतात. गावठी कोंबडी डझन-दीड डझन अंडी घालून खुडूक (उबवायला) बसते, तिच्या अंगाला आपोआप विश्रांती मिळते. लेअरला ती मिळत नाही. घ्यायच्याच असतील तर घेतानाच मागची पिसं बाजूला करून बघा.

या चारांखेरीज शेवटी अंडी घालायची जागा. चार-पाच कोंबड्यांमागे एक, फूटभर लांब-रुंद, अंधारी पेटी हवी. पेट्या कमी असल्या की एकीच्या मागे दुसरी उभी राहते आणि अंडं पडताना दिसणाऱ्या त्या लाल अस्तराला चोच मारते. जखम झाली की सूज, आणि पुन्हा तोच फेरा. पेटीच्या तोंडाला गोणपाटाचा पडदा लावा, मधोमध उभी चीर देऊन, म्हणजे कोंबडी आत शिरते आणि बाहेरून काही दिसत नाही. पहिले एक-दोन दिवस पडद्याला बिचकतात, तोवर एक कड खिळ्याला वर अडकवून ठेवा.